निर्णय कोणावर पडला

टीचर,

गेल्या महिन्यातल्या एका तासाची खरी किंमत काढून बघितली. खडूचा अर्धा तुकडा. सातिवलीच्या कारखान्यातून शाळेपर्यंत जाता-येता पुलाखाली अडकून गेलेला सव्वा तास. मी कारखान्यात नव्हतो म्हणून चुकीच्या खोक्यांत भरला गेलेला थोडा माल, तो पुन्हा काढून भरावा लागला. आणि नववीतली एक मुलगी. दर शनिवारी मी वर्गात शिरलो की ती सगळ्यांच्या आधी उभी राहायची आणि हसायची. आता ती सगळ्यांबरोबर उभी राहते आणि बाकाकडे बघते. पहिल्या तीन गोष्टी भरून निघाल्या. चौथीचं काय करायचं ते समजत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे. दुपार आहे, कामगार डबे खातायत, पितळ घासून चमकवायच्या, बफिंगच्या मोटारी बंद आहेत. इतकी शांतता मला सहन होत नाही खरं तर. आवाज चालू असला की मला बरं वाटतं. कुठल्या मोटारीचं चाक ढिलं झालंय ते मी केबिनमध्ये बसून सांगतो आणि पोरांना वाटतं शेठला काहीतरी सिद्धी आहे. सिद्धी कसली, कान तेवढे तिखट. ते तुम्हालाही माहीत होतं. फळ्याकडे तोंड करून तुम्ही पुटपुटलेलं उत्तर मी मागच्या बाकावरून उचलायचो आणि हात वर करायचो.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुम्ही पाहिलात तो माझा एकच गाळा होता, पत्र्याचा, दोन मोटारी आणि चार माणसांचा. आता शेजारचाही घेतला आहे. माल तोच, दारांच्या पितळी मुठी, बाजारात ज्यांना नॉब म्हणतात. गाळा सुरू केला त्या दिवशी तुम्ही सांडोरच्या घरून रिक्षा करून आला होतात, पांढऱ्या साडीत, हातात छत्री. पाद्रीबाबांनी नुकताच आशीर्वाद दिला होता, भटजींनी नारळ फोडला होता, मी दोघांनाही बोलावलं होतं, म्हटलं कुणी नाराज नको. मी तुमच्या हातात पहिली मूठ ठेवली. आरशासारखी चमकत होती. तुम्ही ती उलटीसुलटी केली आणि विचारलंत, "ही कोणी घासली?"

मी बोट दाखवलं, "त्या पोराने."

"नाव काय त्याचं?"

मला माहीत नव्हतं. आठवड्याभरापूर्वीच तो गावाहून आला होता.

"मग हाक कशी मारतोस?"

"ए म्हणून," मी म्हणालो, आणि सगळे हसले, तोही हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्याच्याजवळ गेलात, नाव विचारलंत, आणि जाईपर्यंत तीनदा त्याला त्या नावाने हाक मारलीत, उगाचच, पाणी दे, छत्री दे, रिक्षा बघ म्हणून. माझा अपमान करायचा तुमचा हेतू नव्हता हे मी तेव्हाही जाणत होतो. म्हणूनच तो अपमान इतकी वर्षं टिकला.

तर मी सध्या तुमच्या शाळेत शनिवारचा एक तास घेतो. सात वर्षं झाली. मुख्याध्यापकांचा फोन आला होता, "नागरिकशास्त्राच्या मॅडमना मतदार याद्यांचं काम लागलंय. तुम्ही माजी विद्यार्थी, उद्योजक वगैरे. शनिवारी जरा येऊन बोला. काहीही बोला, मुलं जागेवर बसली पाहिजेत." एका शनिवारापुरता गेलो तो चिकटलोच. आपला वर्ग चाळीसचा होता, आता अठरा आहेत. गावातली मुलं इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे येतात ती रिक्षावाल्यांची, गोदामात काम करणाऱ्यांची, अर्नाळ्याहून एखाद-दुसरं कोळ्याचं, आणि मिठागरं बुजल्यावर तिथेच चाळींत राहिलेल्या आमच्या मिठागर-मजुरांची. पहिल्या दिवशी मी 'राष्ट्रपतींचे अधिकार' हा धडा उघडला तसा एकजण म्हणाला, "सर, बुकमध्ये आहे ना सगळं. तुम्ही कशाला ताप घेता?" पोरगं चुकीचं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि तुमचा खेळ काढला.

तुम्ही तो असा सुरू करायचात. आपल्याकडे ठरवतं मंत्रिमंडळ, राष्ट्रपती सही करतात. विधेयक पटलं नाही तर एकदा परत पाठवू शकतात, तेच पुन्हा आलं तर मात्र सही करावी लागते. अमेरिकेत तसं नाही, तिथे राष्ट्राध्यक्ष बरंच काही स्वतःच ठरवतो. "आपण खेळायला तिकडची पद्धत घेऊ," तुम्ही म्हणायचात, "पेन एकाच्याच हातात असलं की माणूस काय आहे ते लवकर कळतं." मग चिठ्ठी. ज्याचं नाव निघेल तो तुमच्या खुर्चीत. त्याने एक निर्णय घ्यायचा आणि वर्गाने तो आठवडाभर पाळायचा. वहीत आम्ही दोन रकाने आखायचो. एकात निर्णय, दुसऱ्यात 'कोणावर पडला'. परिणाम हा पुस्तकातला शब्द तुम्हाला चालायचा नाही. "परिणाम काय हवेत असतो? तो कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. त्याचं नाव लिहा."

माझी चिठ्ठी निघाली तेव्हा शाळा-तपासणी जवळ आली होती. पुढच्या बाकावर वाडीवाल्यांची, म्हणजे केळीच्या बागा असणाऱ्यांची मुलं बसायची, इस्त्रीचा सदरा, केसांना खोबरेल. मला त्यांच्यात जायचं होतं. मी खुर्चीत बसलो आणि जाहीर केलं की वर्गात वास येतो, तेव्हा मासळीचा डबा वर्गात उघडायचा नाही, ज्याला खायची त्याने चिंचेखाली जावं. पुढच्या बाकाने टाळ्या वाजवल्या. तुम्ही फळ्यावर निर्णय लिहून खाली माझी सही घेतलीत. सोमवारी मधल्या सुट्टीत मी बघतो तर अख्खा वर्ग उठून चिंचेखाली चालला आहे. उपासकाळ चालू होता. ख्रिस्ती घरांत मांस बंद, म्हणजे रोज मासळीच. कोळ्यांच्या मुलांचं तर बोलायलाच नको. टाळ्या वाजवणारे वाडीवालेही डबे घेऊन निघाले, त्यांच्या आयांनी बोंबील दिले होते. वसईत जन्म घेऊन मासळीविरुद्ध कायदा करणारा मी पहिलाच असेन. वर्गात उरलो आम्ही पाचजण, बटाट्याची भाजी खात. आणि तुम्ही तुमचा डबा उचललात आणि चिंचेखाली जाऊन मुळावर बसलात.

मंगळवारी माझ्या आईने सुकटीची चटणी दिली. मी डबा उघडलाच नाही. तुम्ही दारातून बघत होतात. "अरे, खात का नाहीस?" म्हणालात. "भूक नाही टीचर." "भूक नाही की झाड लांब आहे?" गुरुवारपर्यंत मी तसाच राहिलो, मग उभा राहून म्हणालो, निर्णय मागे घेतो. तुम्ही विचारलंत, का. मी म्हणालो, सगळ्यांना त्रास होतो. "सगळे म्हणजे कोण? रकान्यातली नावं वाच." मी वाचली. पस्तीस नावं. "एक राहिलं," तुम्ही म्हणालात. मी वही दोनदा वर-खाली बघितली आणि म्हणालो, नाही टीचर, एवढीच आहेत. तुम्ही माझ्याकडे इतका वेळ बघत राहिलात की बाहेर शिपायाने घंटा दिली तरी कुणी उठलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही मला सांडोरला घरी नेलंत. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी केळीच्या बागेत उघडायची, पानं आत यायची. घरात तुम्ही तुमच्या बोलीत आईशी बोलायचात, मला अर्धं कळायचं, आणि ते अर्धं माझ्याबद्दलच होतं. तुमच्या आईने मला भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी जेवताना तुम्ही वह्या तपासत होतात. ओरडाल म्हणून मी घास गिळायला घाबरत होतो. तुम्ही ओरडला नाहीत. निघताना केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी हातात दिलीत आणि म्हणालात, "घरी दे. आणि आईला सांग, चटणी चांगली असते, मुलगा लाजतो." मी सुकेळी दिली. निरोप दिला नाही.

ही गोष्ट मी वर्गाला दर वर्षी सांगतो. हशा पिकतो. मग मी म्हणतो, बघा, आता सातिवलीला माझ्या गाळ्यात राष्ट्राध्यक्ष मीच. मोटार चालू करायची की बंद, माणूस ठेवायचा की नाही, माल कुणाला द्यायचा, सगळं मी ठरवतो आणि खाली सही माझी असते. मुलांना ते आवडतं. मलाही आवडायचं.

या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या मालावर जबर आयातशुल्क लावलं. टीव्हीवर दिवसभर तेच. मी म्हटलं, नागरिकशास्त्र चालत दारात आलंय, सोडायचं कशाला. शनिवारी चिठ्ठी निघाली एका रिक्षावाल्याच्या मुलाची. पोरगं खुर्चीत बसलं, पाय हलवले आणि म्हणालं, "मी अमेरिकेचा प्रेसिडेंट. सगळ्या इंडियन मालावर डबल टॅक्स! किसी को छोड़ूँगा नहीं!" टाळ्या पडल्या. मी फळ्यावर रकाने आखले आणि विचारलं, "कोणावर पडला?"

"सरकारवर!"

"सरकारचं नाव काय? कुठे राहतं? माणूस सांग."

"सर, तुमच्यावर!" मागून आवाज आला. "तुमचे नॉब आता कोण घेणार?"

वर्ग हसला, मीही हसलो. एक अर्नाळ्याचा मुलगा आहे, फार कमी बोलतो, तो म्हणाला, "तिकडच्यांवर पण पडला सर. त्यांना पण दार महाग पडेल ना." मला वाटलं, टीचर असत्या तर या पोराला जवळ घेतलं असतं. मी ते फळ्यावर लिहीत होतो तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली.

"माझ्या आईवर पडला सर."

तिची आई आमच्याकडे पॅकिंगला होती. अकरा वर्षं. आमच्याच मिठागराकडच्या चाळीतली. अशा नऊजणी होत्या, भिंतीला टेकून ओळीने बसायच्या, मुठी मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायच्या. आयातशुल्काची बातमी आली त्या आठवड्यात मी त्यांना कमी केलं. सूचना फलकावर कागद लावला, टाईप केलेला, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निर्णयामुळे मागणी घटली असून पॅकिंग विभागाचं काम पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवावं लागत आहे. बायकांनी काही तक्रार केली नाही. एकजण तर मलाच म्हणाली, "शेठ, तुमी तरी काय करनार? मोठ्या लोकांच्या हातात हाय सगळं." मी मान हलवली.

वर्ग त्या मुलीकडे बघत होता. मी खडू खाली ठेवला आणि जरा घसा साफ करून बोललो. म्हणालो, हे बघा, बावीस वर्षांत मी एका माणसाला उगाच घरी पाठवलेलं नाही. पण हा निर्णय इथे झालाच नाही, सातासमुद्रापलीकडे एका माणसाने सही केली आणि ती इथे वसईत एका घरावर पडली, यालाच म्हणतात राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाचा देशावर होणारा परिणाम. छान बोललो. परिणाम हा शब्दही वापरला. ती मुलगी खाली बसली. बसता बसता शेजारणीच्या कानाशी म्हणाली, "पण मशीन आधी आलं ना."

"गप. सर ऐकतील."

सरांनी ऐकलं होतं. मी फळ्याकडे वळलो आणि म्हणालो, "हं, आणखी कोणावर?"

टीचर, तुमच्यापुढे काय लपवायचं. मशीन आधीच आलं होतं. मुठी प्लास्टिकच्या पातळ कागदात आपोआप आवळून पॅक करणारं, एक माणूस लागतो. ते घ्यायचं मी गेल्या दिवाळीतच ठरवलं होतं, बोलणी पक्की केली होती. आलं तेव्हा ताडपत्री टाकून मागच्या गाळ्यात ठेवलं आणि बायकांना सांगितलं की नवीन कंप्रेसर आहे. नऊजणींना कसं सांगायचं ते ठरत नव्हतं. त्यातल्या दोघींच्या मुलींच्या लग्नाला मी जेवून आलो होतो. आणि मग बातमी आली. खरं सांगतो, टीव्हीवर तो माणूस सही केलेला कागद वर धरून दाखवत होता तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार हा आला की, चला, सुटलो. अमेरिकेची एक ऑर्डर थांबली हे खोटं नाही. पण माझा बराचसा माल आखाती देशांत आणि इथल्याच बाजारात जातो, तो जातच होता. मला फक्त एक मोठं नाव हवं होतं ज्याच्या मागे उभं राहता येईल. इतकं मोठं मिळेल असं वाटलं नव्हतं.

एरवी मी हिशेबी माणूस, अशा गोष्टी मनाला लावून घेत नाही. धंद्यात मशीन घ्यावंच लागतं, नाहीतर पलीकडच्या गल्लीतला घेतो आणि आपला माल महाग होतो. मशीन घेतलं याचं मला वाईट वाटत नाही आणि वाटतं असं तुमच्यासमोर म्हणणार नाही. पण ती पोरगी मशीनबद्दल बोलत नव्हती. ती 'आधी' म्हणाली होती.

पुढच्या शनिवारी वह्या गोळा केल्या. कारखान्यात बसून तपासत होतो, सतरा झाल्या, अठरावी तिची. तुमचे दोन रकाने तिने नीट पट्टीने आखले होते आणि मध्ये स्वतःचा एक तिसरा घातला होता. पहिल्यात लिहिलं होतं, 'पॅकिंगचे मशीन आणणे'. शेवटच्यात 'कोणावर पडला' याखाली नऊ नावं, एकाखाली एक, आडनावांसकट. त्यातली दोन मला तेव्हा पहिल्यांदा कळली. अकरा वर्षं मी त्या बायकांना मावशी म्हणत आलो. आणि मधला रकाना, तिचा स्वतःचा, त्यावर लिहिलं होतं 'कोणाचा'. त्याखाली काहीच नव्हतं. चुकून राहिलं म्हणावं तर पट्टीने चौकट आखून मोकळी सोडली होती. टीचर, तुमच्या खेळात हा रकाना कधी नव्हता, कारण ज्याचा निर्णय तो समोर खुर्चीतच बसलेला असायचा. तुम्हाला कधी लागला नाही. हिला लागला.

मी त्या मुलीच्या आईला भेटायला गेलो. ती आता कपड्यांच्या गोदामात किमतीच्या चिठ्ठ्या लावते, आमच्यापेक्षा लांब, पगार कमी, दिवस मोठा. रविवार होता, ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, पदर सारखा केला, आत खुर्ची आहे बसा म्हणाली. मी म्हणालो, मावशी, पुन्हा यायचं का कामाला?

तिने ताट मांडीवरून खाली ठेवलं. "मशीन इकलंत काय?"

"नाही."

"मंग मी येऊन काय करनार शेठ? त्याच्याकडं बघत बसू?"

मला हसू आलं, तिलाही आलं. मग ती एकदम गंभीर झाली आणि दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "पोरीने वहीत कायतरी लिवलंय ना? मला बोलली ती. तुमी मनावर घेऊ नका हां. फटकळ हाय. बापावर गेलीय. तिचं दहावीचं वर्ष येतंय, शाळेत तुमचा शब्द चालतो. ते पान फाडून टाका वाटल्यास. मी तिला दुसरं लिवायला लावते."

"पान कशाला फाडायचं मावशी. तिने काही चुकीचं लिहिलेलं नाही."

"चुकीचं नाय म्हनूनच बोलते," ती म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. ताडपत्रीखाली काय आहे ते नऊजणींना त्या दिवसापासून माहीत होतं, आणि 'तुमी तरी काय करनार' म्हणणारी बाई मला दिलासा देत नव्हती, मला वाट करून देत होती. इतकं कानाचं कौतुक मिरवणारा मी, मला ते ऐकू आलं नाही. मी तिथून उठलो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि पुन्हा म्हणाली, पोरीला तेवढं काय बोलू नका. ती बाई कामासाठी नव्हती घाबरलेली. वहीतल्या एका चौकटीपायी मी तिच्या मुलीचं काय करीन, याला घाबरली होती. माझ्याविषयी असं कुणाला वाटत असेल हे मला माहीत नव्हतं. गाळ्यात मी सगळ्यांशी हसून खेळून असतो.

परतताना मी पक्कं केलं होतं. शनिवारी वर्गात उभं राहायचं आणि सांगायचं की मशीन आधी आलं, निर्णय माझा. मुलीला त्रास होणार नाही, आईला खात्री पटेल, आणि पोरांना एक खरा धडा मिळेल, पुस्तकात नसलेला. सोमवारी मी फलकावरचा कागद काढला. नऊजणींतल्या दोघींना परत बोलावलं, कारण मोठ्या आकाराच्या मुठी मशीनमध्ये कागद फाडतात, त्या हातानेच भराव्या लागतात. त्या आल्या. मुलीच्या आईलाही बोलावलं होतं, ती नाही आली. मी दोनदा निरोप पाठवला.

शनिवारी वह्यांचा गठ्ठा काखेत घेऊन वर्गात गेलो. गाडीत मी वाक्यं जुळवली होती, तुमच्यासारखी साधी. मुलं उभी राहिली. तीही राहिली, सगळ्यांबरोबर. मी वह्या वाटल्या. तिने आपली उघडली, पान काढलं, बघितलं. शेजारणीने वाकून बघितलं. मी वाट बघत होतो की ती काहीतरी पुटपुटेल, एवढ्याशा आवाजात, म्हणजे मला ऐकू आलं असतं आणि मग बोलावंच लागलं असतं. तिने वही मिटली आणि दप्तरात घातली. मी म्हणालो, चला, आज कुणाची चिठ्ठी? आणि तास नीट पार पडला. जाताना मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या तासाला मुलं किती शांत बसतात हो.

टीचर, आता मोटारी सुरू झाल्या. तिसऱ्या मोटारीचं चाक ढिलं आहे, उठून सांगायला हवं, पण आधी हे पत्र संपवतो. सांडोरला तुमचं घर नाही, बाग नाही, तिथे इमारत झाली. चर्चच्या आवारात तुमच्या कबरीवर जाऊन हे पत्र ठेवावं असं एकदा मनात आलं, पण तुम्ही वाचाल आणि एकच प्रश्न विचाराल, म्हणून नको. खणात ठेवतो. तिच्या वहीतल्या त्या पानावर मी माझं नाव लिहिलं असं तुम्हाला वाटलं असेल. पेन हातात होतं, मला वेळही होता. मी पानाच्या तळाशी 'तपासले' असं लिहून सही केली. मधली चौकट मी वही परत दिली तेव्हा कोरी होती.